साठ ते एकशेवीस

मिरजेत, हॉस्टेलवर, माझ्या कॉटखाली
पत्र्याच्या पेटीत अर्धा माणूस आहे.
एक हात, एक पाय, दोन्ही उजवे.
रुबिना मुल्लानं पास झाल्यावर विकला, साडेतीन हजार,
मनगटातलं एक हाड कमी म्हणून दोनशे सोडले.
वाटाण्याएवढं असतं, म्हणाली, वाटाणाच ठेव.
ठेवलाय.
स्केफॉइड, ल्युनेटच्या पंगतीला
तोही आता त्यांच्यासारखाच पिवळट पडलाय.

शनिवारी पेटी मांडीवर घेऊन वडापनं सांगली.
खड्डा आला की आतला माणूस वाजतो.
काय हाय, भांडी का? ड्रायव्हर विचारतो.
मी म्हणते, पुस्तकं.

अण्णा यार्डातून येऊन अंग धुऊन बसलेले.
हळदीच्या सीझनला ती मानेच्या वळीतून निघत नाही,
साबण पिवळा होतो, मान होती तशीच.
मी त्यांच्या दंडावर बॉलपेननं रेघा मारते:
हा बायसेप्स, ह्याला दोन डोकी.
ह्याच्याखाली ब्रेकिॲलिस, कोपर खरं तर तोच वाकवतो,
पण वरून दिसत नाही.
"आन् नाव वरच्याचं," अण्णा म्हणतात.
"आमचा मुकादमच की."

त्यांची नावं आधीपासून ठरलेली आहेत:
फरा, हासळी, दंड, नडगी.
गुडघ्यामागच्या खोलगटीला ते लवण म्हणतात,
गावाकडं ओढ्याच्या वळणाला म्हणतात, तेच.
मी पॉप्लिटिअल फॉसा म्हणून दाखवलं.
ते हसले. "असल्या नावात पाणी कसं थांबंल?"

आज खांदा होता.
पाठ होतं सगळं. सुरुवात सुप्रास्पायनेटस करतो,
मग डेल्टॉइड, आणि वर जाता जाता फराही वळतो.
अण्णा, हात सरळ ठेवून बाजूनं वर घ्या. सावकाश.
घेतला.
साठापर्यंत नीट आला.
मग अंग एका बाजूला कललं, ओठ मिटले,
आणि डावा हात न सांगता
उजव्याच्या कोपराखाली गेला,
पोराला एसटीत चढवावं तसा.
एकशेवीसच्या वर पुन्हा मोकळा.
"झालं?"

पुन्हा एकदा, मी म्हटलं.
"किती येळा? भाकरी गार व्हायलीय."

पुस्तकात ह्याची चौकट आहे, पानाच्या कडेला,
बारीक अक्षरात. येणार नाही म्हणून मी सोडलेली.
साठ ते एकशेवीस. तेवढ्याच कमानीत दुखतं.

मी आईकडं बघितलं. ती तव्याकडं बघत होती.
तेव्हा दिसला दाराजवळचा शर्टाचा खिळा,
वीतभर खाली ठोकलेला,
आणि वर जुनं भोक, साबणानं बुजवलेलं.
"दसऱ्यापासनं," आई म्हणाली,
कुणी काही विचारलं नव्हतं.

मला अजून फक्त नावं येतात, अण्णा.
बरं कसं करायचं ते मागनं शिकवतात,
दोन वर्षांनी.
आपण सोमवारी ओपीडीला जाऊ, मी येते सोबत.
"सोमवारी गाड्या हायत," म्हणाले.
"तवर डाव्यावर घेतो."

रविवारी रात्री पेटी उघडून ह्युमरस काढला.
डोक्याशेजारचा उंचवटा, त्यावरचा सगळ्यात वरचा ठसा:
सुप्रास्पायनेटस इथं येऊन लागतो.
अंगठा फिरवला. खरखरीत आहे,
एका कडेला खाल्ल्यासारखा.
पाच महिने झाले, मी ह्या हाडाला
उजवं की डावं,
एवढंच विचारत होते.